अधिपतीच्या पंगतीला नावाडी

वाइलर, लाउटरचं खोरं
संत मिखाएलचा सण, १७२४

फाइट,

तुला आता 'परमपूज्य' म्हणायचं असतं, असं आपल्या पाद्रीबुवांनी मला बजावलं. मी म्हटलं, त्याचं वाहतं नाक मी माझ्या घागऱ्याला पुसलंय, मला ते जमायचं नाही. तेव्हा फाइटच. तुझं मठातलं नाव प्लासिडस, तेही माझ्या जिभेला वळत नाही.

तू मठाधिपती झालास हे मला कुणाकडून कळावं? मीठवाल्या गाडीवानाकडून. भर बाजारात. तो म्हणतो, काय आफ्राबाई, आता भाऊ मोठा झाला, हातात दंड, बोटात अंगठी, डोक्यावर मुकुट, आता तुम्ही कशाला गोगलगायी विकाल. सगळा बाजार माझ्या तोंडाकडे बघतोय आणि मला पत्ता नाही. मी आपलं 'माहितीये मला' म्हणून पुढे गेले. बहिणीला चार ओळी खरडायला तुला काय मुहूर्त लागत होता? मी शाळेत दोन हिवाळे गेले तरी लिहिते. तू तर लॅटिन शिकलास.

आणि तोच गाडीवान म्हणाला की तू वाळलायस. अधिपती झालेला माणूस वाळतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे साधा सरपंच झाला तरी त्याचा पट्टा महिन्याभरात तोकडा पडतो. काय खायला घालतात तुला? खरं लिही.

इकडे बरं आहे. यंदा पाऊस नीट झाला, वाड्यात पाळलेल्या गोगलगायी टम्म फुगल्यात. उन्हाळाभर पोरंबाया रानातून वेचून आणत होत्या, मी कोबी घालत होते, आणि मेल्खिओर कुंपणावर टेकून हिशेब सांगत होता. नवरा म्हणून वाईट नाही, पण कुंपण त्याच्यामुळेच वाकलंय. परवा पहिला गारठा पडला आणि काहींनी शंखाला झाकण लावून हिवाळ्याची झोप धरली. सगळ्यांची दारं लागली की पिंपं भरायची आणि श्टॉफेलच्या नावेवर चढवायची. तुमच्या मठाची दोन पिंपं नेहमीसारखी. अधिपती माझा भाऊ म्हणून भाव कमी होणार नाही.

उत्तर पाठव.

आफ्रा


लिंडाख मठ, डॅन्यूबकाठ
संत गालचा सण, १७२४

प्रिय आफ्राताई,

तुझा राग पोचला. पत्राच्या आधी पोचला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

कळवलं नाही, कारण मलाच ते खरं वाटत नव्हतं. जुने अधिपती गेले तेव्हा अर्ध्या बंधूंना प्रायर हार्टमान हवे होते. ते इथले दोन नंबरचे, सरदारघराण्यातले, बोलायला चालायला रुबाबदार. उरलेल्या अर्ध्यांना दुसरे एक सरदारपुत्र हवे होते. कुणी मागे हटेना. शेवटी कुणाचाच नसलेला माणूस शोधायला निघाले, तर फळबागेत शिडीवर मी सापडलो. मला खाली उतरवलं आणि हातात दंड दिला. अजून मधूनमधून वाटतं, कुणीतरी येईल आणि शिडीवर परत चढ म्हणेल.

तू खाण्याचं विचारलंस. ताई, खायला इतकं आहे की लाज वाटते. अडचण वेगळीच आहे, आणि ती तुला सांगितली तर तू हसशील.

आमच्यात जेवताना बोलत नाहीत. एक जण पुस्तक वाचतो, बाकीचे ऐकत जेवतात, मीठ हवं असेल तर बोटाने खूण. वीस वर्षं मी असा जेवलो. त्या शांततेत घास कसा गोड लागतो ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पण अधिपतीने बंधूंच्या पंगतीला बसायचं नसतं. आमच्या पंथाच्या बेनेडिक्टबाबांचा नियम आहे, अधिपतीने पाहुण्यांबरोबर जेवायचं. त्याचं दालन वेगळं, चूल वेगळी. आणि व्हिएन्नाला जाणारा प्रत्येक काउंट, प्रत्येक सरकारी साहेब इथेच उतरतो. काल एकाने मला आपल्या घोडीच्या मागच्या पायाची हकिकत सांगितली. मी घास हातात धरून 'हो का', 'अरेरे' म्हणत राहिलो. घोडी बरी झाली तोवर मासा गार झाला होता, तसाच परत गेला. रोज असंच. लोक बोलत असले की माझा घसाच मिटतो.

प्रायर हार्टमान मात्र या लोकांत खुलतात. घोडीला काय लेप लावावा हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं.

बाकी मी सुखी आहे. सफरचंदं चांगली आली.

तुझा
फाइट (आणि नाइलाजाने प्लासिडस)


वाइलर
सर्व संतांचा सण उलटल्यावर, १७२४

फाइट,

हसले. मेल्खिओरला वाचून दाखवलं, तोही हसला, कुंपण अजून थोडं वाकलं. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि रागाने सगळी भांडी घासून काढली. भावाला आयतं ताट मिळतंय आणि तो उपाशी उठतोय. आणि कशापायी? कुणाच्या तरी घोडीपायी.

मी काय केलं ते ऐक. पाद्रीबुवांकडे गेले आणि म्हटलं, त्या बेनेडिक्टबाबांच्या पुस्तकात अधिपतीच्या जेवणाचं काय लिहिलंय ते मला आपल्या भाषेत वाचून दाखवा. ते कुरकुरले, पण अंडी घेऊन गेले होते मी. त्यांनी वाचलं: अधिपतीची पंगत नेहमी पाहुण्यांबरोबर आणि यात्रेकरूंबरोबर असावी. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा तेच. आता तू मला सांग, शिकलेला आहेस, त्यात काउंट कुठे आला?

पाहुणा म्हणजे जो दारात येईल तो. तुमच्या दारात श्टॉफेल दरवर्षी येतो. आपल्या खोऱ्यातला माणूस, नावेवरून तुमची पिंपं खांद्यावर घेऊन चढ चढतो, आणि तुम्ही त्याला आणि त्याच्या गड्यांना दरवाज्याजवळच्या खोलीत वाडगाभर सूप देता. तो पाहुणा नाही? त्याला बसव शेजारी. त्याचा एक गुण सांगते, पोट भरेपर्यंत तो तोंड उघडत नाही. मला लग्नाच्या वेळी आठवलं असतं तर त्यालाच पसंत केलं असतं.

हे पत्र त्याच्याच हाती देतेय. पिंपं गार जागी ठेवा, ते तुला सांगायला नको. यंदाचा माल असा आहे की उपासाच्या दिवसांत, मांस वर्ज्य असताना, हे खाऊन तुमचे बंधू उपास विसरतील.

जेव नीट. एवढंच काम दे स्वतःला.

आफ्रा


लिंडाख
संत निकोलसचा सण, १७२४

आफ्राताई,

बसवलं.

त्या दिवशी एक मिठागरांचे साहेब आले होते, रेशमी पायमोजे वगैरे. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला श्टॉफेल आणि त्याचे दोन गडी. श्टॉफेलने आधी बाकावर हात फिरवला, मग आपल्या पाठीमागे वळून पाहिलं, जणू मी आणखी कुणाला तरी बोलावतोय. बसला. आणि ताई, तो जेवायला लागला. काय सांगू तुला. मान खाली, कोपरं बाहेर, पावाचा तुकडा मोडायचा, बुडवायचा, खायचा. गडीही तसेच. साहेबांनी दोन वाक्यं बोलून पाहिली, कुणी मान वर केली नाही, मग तेही गप्प झाले आणि जेवायला लागले. मला एकदम बंधूंच्या पंगतीत बसल्यासारखं झालं. मी तीनदा वाढून घेतलं. स्वयंपाक्याने आत येऊन पाहिलं, खरंच मीच जेवतोय ना.

जेवण झाल्यावर श्टॉफेलने चाकू पुसला आणि म्हणाला, "बाबा, मासा चांगला होता, पण आमची आफ्राबाई शिरका जास्त घालते." एवढंच बोलला.

तेव्हापासून हीच रीत आहे. नावाडी येतात, लाकूडतोडे येतात, पायी यात्रेला निघालेले म्हातारे येतात. काउंट आला तर काउंटही बसतो. माझा पट्टा अजून तोकडा पडला नाही, पण भोक मात्र एक पुढे सरकलंय.

प्रायर हार्टमान जेवताना जरा खोकतात. थंडी आहे.

मी सुखी आहे, ताई. आता खरंच.

फाइट


वाइलर
तीन राजांचा सण, १७२५

फाइट,

जरा खोकतात म्हणे.

श्टॉफेल परत आला. प्रवाहाविरुद्ध नाव परत आणता येत नाही, म्हणून व्हिएन्नाला ती लाकडाच्या भावात विकली आणि नेहमीसारखा चालत वर आला. बूट फाटलेले, पण येताना तुमच्याकडे पुन्हा थांबला होता, तेव्हा पोट भरलेलं. भट्टीजवळ बसवून त्याला विचारलं, फाइट कसा आहे. म्हणाला, बरा आहे. त्याच्या आवाजावरून मी ओळखलं. बिअर दिली, दुसरी दिली, मग एकेक बाहेर पडलं. तुझ्या त्या प्रायरांनी वर तक्रार केलीय. अधिपती सरदारांच्या शेजारी हमाल बसवतो, स्वतःच्या नम्रतेचा तमाशा मांडतो, आणि घरंदाज लोक लिंडाखला उतरेनासे झालेत. आता फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला दुसऱ्या मठांचे दोन अधिपती तपासाला येणार. प्रत्येक बंधूला एकेकटं आत बोलावून विचारणार. त्यांना पटलं तर तुझा दंड काढून घेणार. हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरात आचाऱ्यांपासून घोडेवाल्यांपर्यंत ठाऊक आहे. मला नाही.

गोगलगाय आणि पोटात पाय! लहानपणी चेरी चोरून खायचास तेव्हाही असाच, तोंड लाल आणि चेहरा देवदूताचा.

आता ऐक. मी बसव म्हटलं होतं, ते खरं. पण मी सांगते ते सगळं माणूस करत बसला तर त्याचं वाटोळंच व्हायचं. मेल्खिओरला विचार, तो निम्मंच ऐकतो म्हणून टिकलाय. तर आता मी दुसरं सांगते. श्टॉफेलला परत दरवाज्याजवळच्या खोलीत पाठव. त्याला वाईट वाटणार नाही, मी त्याला विचारलंय. तो म्हणाला, सूप तिथलंही गरम असतं. साहेबांना बसव, त्यांच्या घोड्या ऐक, गार मासा खा. दंड गेला तर तुला काय करतील? अधिपती होऊन उतरलेल्या माणसाला पुन्हा फळबाग देत नाहीत, असं पाद्रीबुवा म्हणाले. कुठल्यातरी लांबच्या मठात पाठवतात, जिथे त्याला कुणी ओळखत नाही, आणि तिथून पत्रं येत नाहीत.

आमच्याकडून गेलास तेव्हा आईने काही म्हटलं नाही. मीही नाही. पण पत्रं येतात म्हणून चाललं. ती बंद झाली तर मला चालणार नाही. सरळ सांगतेय.

गपचूप साहेबांबरोबर बस.

आफ्रा


लिंडाख
संत आग्नेसचा सण, १७२५

आफ्राताई,

लपवलं, कारण तू हेच लिहिशील हे माहीत होतं.

श्टॉफेलला दरवाज्यात पाठवू शकत नाही. त्याला वाईट वाटणार नाही, म्हणूनच नाही. ज्याला वाईट वाटणार नाही त्यालाच आपण नेहमी उठवतो.

तपासनीस मेणबत्त्यांच्या सणानंतर येतील. त्यांच्यातले थोरले अधिपती गोटहार्ड, वय झालेलं, पाय सुजतात, मोजकं बोलतात. मी त्यांना आधीच पत्र लिहून ठेवलंय, की मठाचं माझ्यामुळे नुकसान होतंय असं वाटलं तर दंड ठेवायला मी तयार आहे. कुठे पाठवतील ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तयार आहे या म्हणण्याला अर्थ राहिला नसता.

प्रायर हार्टमान वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं की मी त्यांच्या जातीच्या लोकांना खाली बघायला लावतोय. परवा तोंडावर म्हणाले, नम्रता दाखवायची असेल तर आपल्या खोलीत दाखवावी, टेबलावर मांडू नये.

कोठारी फादर उल्रिख धावपळ करतायत. पाहुण्यांच्या खोल्यांखाली एक जुनी भट्टी आहे, जमिनीखालून ऊब देते, कित्येक वर्षं पेटली नव्हती. म्हातारे गोटहार्ड गारठू नयेत म्हणून ती साफ करून घेतलीय.

प्रार्थना कर. भांडी घासू नकोस.

फाइट


वाइलर
राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, १७२५

फाइट,

पत्र नाही. एक ओळ नाही. मीठवाला गाडीवान मात्र आला, आणि त्याने बाजारात तोंड सोडलंय. म्हणे लिंडाखच्या मठात गोगलगायी जाग्या झाल्या, वेदीवर चढल्या, मोठमोठे अधिपती ओरडत पळाले, आणि आफ्राबाईचा माल सडका होता. त्यापुढचं त्याला माहीत नाही. तपासाचं काय झालं, त्याला माहीत नाही. तुझा दंड हातात आहे की नाही, त्याला माहीत नाही. पण माल सडका होता हे बरोबर माहीत!

माझ्या मालाचं मी बघून घेईन. तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, तिघांना उत्तर दिलं, एक अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं काही नाही. तू कुठे आहेस ते सांग.

हे पत्र लिंडाखला पाठवतेय. तू तिथे नसशील तर कुणीतरी उघडून वाचेल. तर वाचणाऱ्या बाबा, कोण असशील तो, त्याला कुठे पाठवलं तेवढं मला कळव. बर्फ वितळेपर्यंत मी थांबेन. मग बूट घालून निघेन. मेल्खिओरला सांगून झालंय.

आफ्रा


लिंडाख
राखेच्या बुधवारनंतरचा रविवार, १७२५

आफ्राताई,

तुझं पत्र मीच उघडलं. बूट काढून ठेव. सगळं क्रमाने सांगतो.

मेणबत्त्यांच्या सणानंतर दोघे तपासनीस आले. फादर उल्रिखनी भट्टी अशी पेटवली की पाहुण्यांच्या खोल्यांत मेणबत्त्या वाकायला लागल्या. सगळे खूश. कुणाच्याच ध्यानात आलं नाही की तुझी पिंपं त्याच खोल्यांखालच्या तळघरात ठेवली आहेत. एरवी मठातली सगळ्यांत गार जागा तीच. भट्टीचा धूर तळघराच्या भिंतीतून जातो. गोगलगायींना वाटलं, वसंत आला. झाकणं टाकली आणि निघाल्या.

बंधूंना एकेकटं आत बोलावणं तीन दिवस चाललं. प्रायरही जाऊन आले, कोठारीही, माळीही. मला शेवटी बोलावणार होते. त्याच सकाळी आम्ही प्रार्थनेला उभे राहिलो, मी पाहतो तर समोरच्या मोठ्या गाण्याच्या पुस्तकावर एक गोगलगाय, पान ओलं करत निवांत चाललेली. मग लोकांच्या बाह्यांवर, बाकांवर, खांबांवर. अधिपती गोटहार्ड यांच्या टोपीवर दोन. कुणी ओरडलं नाही, गाडीवान खोटं बोलतो. प्रार्थनेत बोलायचं नसतं, म्हणून सगळे गात राहिले आणि गाता गाता एकेक उचलून खिशात घालत राहिले. शेवटच्या ओळीला म्हातारे गोटहार्ड हसायला लागले, त्यांना ते आवरेना, आणि मग कुणालाच आवरेना. प्रायर हार्टमान यांचे खांदेही हलत होते. मी पाहिलं.

पण पुढे काय? तुला माहीत आहे, मला माहीत आहे, इतरांना सांगावं लागलं: एकदा झाकण टाकलं की ती पुन्हा दार लावत नाही. खायला मागते, आणि फेब्रुवारीत पाला कुठून आणायचा? म्हणजे आख्ख्या उपासकाळाची बेगमी त्या एक-दोन दिवसांत खाऊन टाकायची. आणि तो आठवडा कुठला, तर उपासाआधीचा, जेव्हा घरोघरी डुक्कर कापलेलं असतं आणि गोगलगायीला कुणी विचारत नाही. फादर उल्रिख कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, मोठी भांडी काढा आणि घंटा वाजवा.

गाव आलं. बर्फात अडकलेले नावाडी आले, लाकूडतोडे, धोबी, माझ्या रोजच्या पंगतीचे म्हातारे. माझं दालन भरलं, बाक कमी पडले, दोन्ही तपासनीस कुठे बसवायचे कळेना, तर म्हातारे गोटहार्ड स्वतःच दोन नावाड्यांच्या मध्ये शिरले. प्रायर त्यांच्या समोर. लोणी, कांदा, शिरका. तुझा माल असा होता, ताई, की पहिल्या ताटानंतर कुणी काही बोललं नाही. नुसता शंख खाली ठेवल्याचा आवाज.

बऱ्याच वेळाने गोटहार्ड यांनी शेजारच्या नावाड्याला विचारलं, "तू इथे नेहमी जेवतोस म्हणे. अधिपती तुमच्याशी काय बोलतात?"

तो म्हणाला, "काही नाही, बाबा. जेवताना कोण बोलतं?"

संध्याकाळी मला आत बोलावलं. म्हातारे पाय वर करून बसले होते. त्यांनी एकच विचारलं. म्हणाले, "खरं सांग. ही जी हमालांची पंगत तू मांडतोस, ती नम्रता आहे की नम्रतेचा देखावा?"

ताई, मी त्याचं उत्तर कितीतरी दिवस शोधत होतो. त्या क्षणी मात्र जे होतं तेच तोंडून निघालं. मी म्हटलं, "दोन्ही नाही. लोक बोलत असले की मला घास गिळवत नाही. हे लोक गप्प जेवतात."

म्हाताऱ्यांनी पाय खाली घेतले. मग शेजारच्या अधिपतींकडे वळून म्हणाले, बघा, याच्यावर तीन दिवस घालवले आपण.

निकाल दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाचला. दंड माझ्याकडेच. पण प्रायरांची तक्रारही रास्त धरली. यापुढे अधिपतीच्या दालनात नावाडी आणि मजूर बसायचे नाहीत. तिथे मठाचा मान सांभाळायचा, सरदारांची सरबराई करायची, आणि ते काम प्रायर हार्टमान यांच्याकडे. हे ऐकून मला पुन्हा गार मासा दिसायला लागला. पण वाचणं संपलं नव्हतं. पुढे होतं की अधिपतीने नियमाप्रमाणे पाहुणे आणि यात्रेकरू यांच्याबरोबर जेवावं, आणि ते पाहुणे जिथे बसतील तिथे बसावं.

वाचून झाल्यावर म्हातारे गोटहार्ड खाली बघत होते. टोपी नीट करत होते. त्यांनी ते जाणूनबुजून तसं लिहिलं का, ते मी कधीच विचारणार नाही.

तर आता मी रोज दुपारी दरवाज्याजवळच्या खोलीत जेवतो. बाक, लांब टेबल, खिडकीतून नदी. वर दालनात प्रायर काउंट लोकांबरोबर घोड्यांवर बोलतात. ते खोकत नाहीत. काउंटही पुन्हा यायला लागलेत, मला भेटायला येतात आणि मग वर जेवायला जातात, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मठ सुखी आहे.

फक्त उपासाला गोगलगायी नाहीत. चाळीस दिवस वाटाणे आणि खारवलेला हेरिंग मासा. बंधू माझ्याकडे बघतात आणि उसासे टाकतात. फादर उल्रिखकडे जास्त बघतात.

गाडीवानाला सांग, माल सडका असता तर जागा झाला नसता.

तुझा भाऊ
फाइट


वाइलर
जोसेफबाबांच्या सणाचा दुसरा दिवस, १७२५

फाइट,

गाडीवानाला सांगितलं. तुझ्यापेक्षा चार शब्द जास्तच घातले. परवा बाजारात पाद्रीबुवांना तुझं पत्र मोठ्याने वाचायला लावलं, माल कसा होता तो भाग दोनदा. जे गिऱ्हाईक बोलत नव्हतं ते आता पुढच्या हिवाळ्यासाठी पिंप राखून ठेव म्हणतंय. राखून ठेवेन. भाव बघू.

तू मला घाबरवलंस त्याचा राग अजून आहे, तो जाईल तेव्हा जाईल. मेल्खिओर म्हणाला, मग झालं ना चांगलं, आता का चिडतेस. त्याला कळत नाही. माणूस भीत होता ते संपल्यावरच तर नीट चिडायला मोकळा होतो.

तुझ्या त्या प्रायरांना माझा नमस्कार सांग. खोटा नाही, खरा. घोड्यांवर बोलायला कुणीतरी हवंच. आणि म्हाताऱ्या गोटहार्ड बाबांसाठी एक पिंप वेगळं पाठवीन, पैसे नकोत. त्यांच्या कोठाऱ्याला मात्र सांगून ठेव, भट्टीपासून लांब.

आता दुसरं. तुझं पत्र मी चारदा वाचलं. श्टॉफेल इथेच होता, नवी नाव बांधायला लागलाय, त्याला विचारलं, दरवाज्याजवळची ती खोली नेमकी कुठे. म्हणाला, मोठ्या दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला. मी विचारलं, तिथे बायका जातात का. तो म्हणाला, जातात की, धोबिणी जातात, यात्रेकरू बाया जातात, त्या खोलीत कुणाला अडवत नाहीत. अडवतात ते आतल्या दारापासून. तुझ्या वरच्या दालनात तर राणी आली तरच बाईमाणूस.

मी तिथेच खाली बसले. भट्टीजवळच्या स्टुलावर. श्टॉफेलने विचारलं, काय झालं आफ्राबाई. मी म्हटलं, डोळ्यात धूर गेला.

तू घर सोडलंस तेव्हा तुला मिसरूड फुटत होती. तेव्हापासून मी तुला जेवताना पाहिलं नाही. पाहू शकेन असं कधी मनातही आणलं नाही, कारण जे व्हायचं नाही ते मनात आणून कामं खोळंबतात. आता आणलंय. सर्व संतांच्या सणाला श्टॉफेलची नाव निघेल तेव्हा पिंपांबरोबर मीही येतेय. नावेत बाई घ्यायला तो कां-कूं करत होता, मी म्हटलं, मग पिंपंही राहू दे. परत येताना चालेन. सगळे चालतात.

मेल्खिओर घरी राहील. कुंपण दुरुस्त करेन म्हणतोय, बघू.

मी येऊन काही बोलणार नाही, घाबरू नकोस. मलाही भुकेच्या वेळी बडबड आवडत नाही. फक्त तू अधिपती आहेस म्हणून मधोमध पसरून बसू नकोस. मी आता पूर्वीसारखी काडी राहिले नाही. बाकावर जरा सरकून बस.

आफ्रा